एकशे अडुसष्ट तास आणि कडब्याचा हिशेब

आण्णांचा फोन रेडमी नोट ४. जानेवारी २०१७ मध्ये तो भारतात आला आणि त्याच उन्हाळ्यात, चाकणला नोकरी लागल्यावर मिळालेल्या पहिल्या बोनसातून, मी तो त्यांना घेतला. सोनेरी रंग, ४१०० एमएएचची बॅटरी. तेव्हापासून तो गोठ्यात, शेतात आणि वडूजच्या एसटीत आण्णांच्या खिशात हिंडतोय. एकदा कडबाकुट्टीच्या पाटावरून खाली आपटला. काचेचा कोपरा तडकलाय, पण अजून एका चार्जिंगवर दिवस काढतो. असा फोन टाकायला आण्णा तयार नाहीत, आणि खरं सांगायचं तर मीही नाही.

अडचण एवढीच की कंपनीनं त्याला शेवटचं अपडेट दिलं ते एमआययूआय ११ चं (एमआययूआय म्हणजे कंपनीनं अँड्रॉइडवर चढवलेला आपला साज), आणि खालचं अँड्रॉइड तसंच ७.० राहिलं. क्रोम ११९ वर थांबला, कारण १२० पासून त्याला अँड्रॉइड ८ लागतं. मग गावातल्या दूध संकलन केंद्रानं दुधाच्या प्रतीची, म्हणजे फॅट-एसएनएफची, पावती ॲपवर द्यायला सुरुवात केली आणि ते ॲप आण्णांच्या फोनवर उतरेना. आण्णांचा फोन आला, "ह्यो म्हणतोय तुमचा फोन चालायचा न्हाई. चालतोय की माझा, बोलतोय न्हवं मी तुझ्यासंगं?"

यावर काय बोलणार? म्हटलं, दिवाळीला येतो तेव्हा बघतो. बेत असा की कंपनीचं जुनं सॉफ्टवेअर काढून त्यात नवं अँड्रॉइड घालायचं. पण त्याआधी फोनचं कुलूप उघडावं लागतं, त्यालाच अनलॉक करणं म्हणतात.

दोन हजार चोवीसची दिवाळी. वसुबारस २८ ऑक्टोबरला, सोमवारी. आईनं गाय-वासराला ओवाळलं आणि मी फोन घेऊन बसलो. 'अबाउट फोन'मध्ये जाऊन एमआययूआयच्या आवृत्तीवर सात वेळा टिचक्या मारल्या, डेव्हलपर ऑप्शन्स उघडले, ओईएम अनलॉकिंग चालू केलं. मग 'एमआय अनलॉक स्टेटस'. इथं वायफाय चालत नाही, सिमचा डेटा लागतो. आण्णांच्या नावानं एमआय अकाउंट काढून त्यात जोडलं. जोडल्याजोडल्या क्लाउडचं सिंक सुरू झालं, ते मी लगेच बंद केलं. आण्णांचा रोजचा दीड जीबी उगाच कशाला जाळायचा? हे वाक्य लक्षात ठेवा.

पुढचं काम संगणकावर. व्हॉल्यूम डाउन आणि पॉवर एकत्र दाबून फोन फास्टबूटमध्ये, म्हणजे केबलवरून संगणकाचे हुकूम ऐकायच्या अवस्थेत, नेला. तिथं ते ओळखीचं चित्र आलं : कानटोपी घातलेला ससा अँड्रॉइडच्या हिरव्या बाहुल्याची दुरुस्ती करतोय. केबल लावली तर ससा गायब, काळी स्क्रीन, आणि वरच्या कोपऱ्यात मुंगीएवढ्या अक्षरांत 'प्रेस एनी की टू शटडाउन'. माझा लॅपटॉप एएमडीच्या रायझन प्रोसेसरचा, आणि रायझनच्या यूएसबीचं आणि या फास्टबूटचं अनेकदा जमत नाही. मध्ये साधा यूएसबी २.० चा हब टाकला की बहुतेक वेळा भागतं, पण वसुबारसेच्या संध्याकाळी आमच्या गावात हब कुठून आणायचा? शेवटी चुलतभावाच्या झेरॉक्सच्या दुकानात गेलो. त्याच्याकडे इंटेलचा एक जुना डेस्कटॉप आहे, त्यावर तो सातबारा काढून देतो.

त्या डेस्कटॉपनं फोन एका झटक्यात ओळखला. अनलॉकचं टूल उघडलं, बटण दाबलं. टक्के पळत ९९ वर गेले आणि तिथं पाटी आली की १६८ तासांनी या, आणि मध्येच खातं पुन्हा जोडू नका, जोडलंत तर मोजणी पहिल्यापासून.

१६८ तास म्हणजे बरोबर सात दिवस. सोमवार ते सोमवार, ४ नोव्हेंबर. माझी रजा भाऊबीजेपर्यंत, म्हणजे रविवारपर्यंत. सुपरवायझरला एक दिवस वाढवून मागितला. कारण 'घरगुती' असं लिहिलं, ते खोटं नव्हतं.

आण्णांना ही वाट बघणं काही केल्या पटेना. "फोन आपला, पैसं आपण दिलं, आन् कुलूप काढायला त्येंची परवानगी?" मी कारण सांगितलं. फोन चोरणाऱ्याला फोन पटकन मोकळा करून विकायचा असतो, त्याच्या वाटेत हे सात दिवस आडवे येतात. शिवाय परस्पर भलतं सॉफ्टवेअर घालून फोन विकणारे दुकानदार असतात, त्यांचीही गोची होते. आण्णा म्हणाले, "मग मी काय चोर हाय?" नाहीत. पण बूटलोडरला ते कळत नाही.

हे जरा नीट सांगतो, कारण सगळी गोम इथंच आहे. फोन चालू होताना आधी चिपमध्ये कायमचा कोरलेला छोटा प्रोग्राम जागा होतो. तो बूटलोडरची सही तपासतो, बूटलोडर पुढच्या अँड्रॉइडची सही तपासतो. कंपनीची सही नसेल तर गाडी तिथंच थांबते. बूटलोडर अनलॉक करायचा म्हणजे त्याला सांगायचं की बाबा, इथून पुढं सही बघू नकोस. पण मग कोणीही आपलं सॉफ्टवेअर घालून आतले फोटो, मेसेज वाचू शकेल. म्हणून अनलॉक होताना फोन आतला सगळा डेटा पुसतो. मी कारखान्यात मेंटेनन्सला आहे. आमच्याकडे पॅनेलच्या दाराला इंटरलॉक असतो : दार उघडलं की सप्लाय तुटतो. दार फिटरनं उघडलं की कोणा टग्यानं, हे इंटरलॉक विचारत नाही. ते बरोबरच आहे. त्यानं माणूस बघायला सुरुवात केली तर एक दिवस कुणीतरी मरेल.

तर डेटा पुसला जाणार हे मला पक्कं माहीत होतं, आणि बॅकअपला हाताशी सात दिवस होते. फोटो पेनड्राइव्हवर घेतले. नंबर गूगलवर टाकले. व्हॉट्सॲपचा बॅकअप घेतला. भजनी मंडळाची रेकॉर्डिंगं वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवली. आण्णांना दोनदा विचारलं, आणखी काही आहे का ह्यात? त्यांचं उत्तर, "काय असतंय त्यात."

एवढी काळजी घेण्यामागं जुनं पाप आहे. २०१४ साली पुण्यात होस्टेलवर एका मित्राच्या मीडियाटेक चिपच्या फोनमध्ये मी नवी रॉम, म्हणजे फोनचं अख्खं सॉफ्टवेअर, घातली होती. ती घालायच्या तेव्हाच्या एसपी फ्लॅश टूलमध्ये 'डाउनलोड ओन्ली' असा पर्याय असायचा आणि त्याच यादीत खाली 'फॉरमॅट ऑल प्लस डाउनलोड'. सगळं स्वच्छ करून घातलेलं बरं, असा विचार करून मी खालचा निवडला. फोन झकास चालू झाला, फक्त त्याला आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, उरला नव्हता. स्टार हॅश शून्य सहा हॅश दाबलं तर 'इनव्हॅलिड', आणि टॉवरचा पत्ता नाही. आयएमईआय ज्या एनव्हीरॅममध्ये असतो तो भागही मी धुऊन काढला होता. डबीवरचा नंबर बघून परत लिहिला. आज कुणी मला तसं करायला सांगितलं तर मी हात लावणार नाही. आयएमईआयशी छेडछाड हा आता गुन्हा आहे, २०२३ च्या दूरसंचार कायद्यात तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास लाखांपर्यंत दंड आहे. तो मित्र अजून लग्नाकार्यात भेटला की म्हणतो, "आधी सांग, फॉरमॅट ऑल करणार नाहीस ना?"

असो. सोमवारी संध्याकाळी पावणेआठला १६८ तास भरले. दुकानात दोन बायका कुठल्याशा फॉर्मला आधार जोडायला आल्या होत्या, त्यांचं आटपेपर्यंत थांबलो. मग टूल उघडलं, बटण, टक्के, आणि या वेळी ९९ च्या पुढं गेले. अनलॉक्ड. फोन आपोआप चालू झाला, लोगोखाली बारीक अक्षरांत तोच शब्द, आणि पुढं कोऱ्या फोनसारखं भाषा निवडा, देश निवडा.

मग रिकव्हरी, म्हणजे फोन पुसायला आणि नवं सॉफ्टवेअर घालायला लागणारा आतला छोटा प्रोग्राम. फास्टबूट फ्लॅश रिकव्हरी, फाइलचं नाव, एंटर. दोन-एक सेकंदांत काम झालं. इथं एक खोडी आहे. या फोनमध्ये नवी रिकव्हरी घातल्यावर लगेच व्हॉल्यूम अप आणि पॉवर दाबून थेट रिकव्हरीतच शिरावं लागतं. फोन एकदा जरी नेहमीसारखा चालू झाला तर एमआययूआय आपली जुनी रिकव्हरी परत बसवतं. माझा अंगठा अर्धा सेकंद आधी सुटला आणि तेच झालं. परत ससा, परत फ्लॅश. दुसऱ्या खेपेला लोगो दिसल्यानंतरही बटण सोडलं नाही.

रिकव्हरीत फॉरमॅट डेटा, मग एडीबी साइडलोडनं, म्हणजे संगणकावरून केबलनं फाइल ढकलून, लिनिएज २० : कंपनीबाहेरच्या लोकांनी बनवलेलं अँड्रॉइड १३. संगणकावर टक्के मोजत मोजत ४७ वर आले आणि थांबले. खाली ओळ आली, 'फेल्ड टू रीड कमांड : सक्सेस'. चुलतभाऊ खुर्चीतून उठला. "गेला का फोन?" नाही गेला. ही ओळ पहिल्यांदा बघणाऱ्याच्या पोटात गोळा येतोच. आमच्या मशीनवर असा अलार्म आला असता तर मी प्रोग्राम लिहिणाऱ्याला शोधून काढलं असतं. पण लिनिएजच्या स्वतःच्या सूचनांतच लिहिलंय की काही वेळा ४७ वर थांबून असाच संदेश येतो आणि काम झालेलं असतं. फोनच्या स्क्रीनवर बघायचं, संगणकाच्या नाही. फोनवर सगळं ठीक होतं. पहिल्यांदा चालू करायच्या आधीच गूगलच्या ॲपांचं पाकीट घातलं. रिकव्हरीनं सही जुळत नाही म्हणून विचारलं, तिला हो म्हटलं. रीबूट. निळसर कमानीवरून तो गोल ठिपका सरकायला लागला आणि आम्ही चहा सांगितला.

चहा येईपर्यंत चुलतभाऊ म्हणाला, "माझा पण कर की." त्याचा फोन दोन वर्षांचा, त्यावर बँकेचं ॲप, यूपीआय, दुकानाची सगळी उलाढाल. मी साफ नाही म्हटलं. अनलॉक केलेला फोन गूगलच्या सुरक्षिततेच्या तपासणीत नापास होतो आणि बँकांची ॲपं रुसतात. मॅजिस्क वगैरे जुगाडाची सॉफ्टवेअरं लावून लपवाछपवी करता येते, पण आज चाललं ते उद्या चालेल याची हमी नाही, आणि गिऱ्हाईक समोर उभं असताना पैसे अडकले तर तो मलाच शिव्या घालणार. शिवाय नवे फोन पूर्वीसारखे राहिले नाहीत. सॅमसंगमध्ये परकं सॉफ्टवेअर घातलं की नॉक्स या सुरक्षा यंत्रणेचा फ्यूज कायमचा उडतो, तो परत जोडता येत नाही. हुआवेनं २०१८ मध्येच अनलॉक कोड देणं बंद केलं. काही फोनांत अँटी-रोलबॅक असतं : जुनी आवृत्ती घालायला गेलात तर फोनची वीट. रेडमीत सॉफ्टवेअर घालायच्या एमआयफ्लॅश टूलच्या खिडकीत खाली 'क्लीन ऑल अँड लॉक', म्हणजे सगळं पुसून परत कुलूप, आधीच निवडलेलं असतं, ते न बघता बटण दाबणारे मी पाहिलेत. आण्णांच्या फोनवर यूपीआय नाही, बँक नाही. दुधाचे पैसे खात्यावर जमा होतात आणि आण्णा ते पासबुक घेऊन बघायला जातात. म्हणून तो फोन या धंद्याला चालला.

रात्री साडेनऊला फोन घरी आणला. दूध केंद्राचं ॲप उतरलं, आलेल्या पावत्या दिसल्या. आण्णांनी चष्मा लावून फॅट बघितला, ३.९. खूश झाले. मग बराच वेळ बोट वर-खाली फिरवत राहिले.

"माझी वही कुटं गेली रं ह्यातली?"

"कसली वही?"

"पिवळी. ह्या हिथं असायची."

एमआययूआयचं नोट्स. पिवळं चित्र. त्यात आण्णा गेली चार वर्षं कडब्याची उसनवारी लिहीत होते. कुणी किती पेंढ्या नेल्या, किती परत दिल्या. त्यांनी ते कुणाला सांगितलं नव्हतं, मला तर नाहीच. खटावात पाऊस दगा देतो, आणि उन्हाळ्यात ज्याच्या गंजीत कडबा आहे त्याच्याकडे सगळा गाव येतो. देताना आण्णा कुणाला नाही म्हणत नाहीत, पण लिहून ठेवतात. माझ्या सात दिवसांच्या बॅकअपमध्ये फोटो होते, भजनं होती, गुड मॉर्निंगची चारशे फुलं होती. पिवळी वही नव्हती. आणि वसुबारसेला दीड जीबी वाचवायला मी जे सिंक बंद केलं, त्यात नोट्सही आपोआप वर गेल्या असत्या.

मी रात्री बारापर्यंत काहीबाही खटपट केली. अनलॉक करताना एनक्रिप्शनच्या किल्ल्याच जातात, त्यामुळं फाइली खरवडून काढणारी सॉफ्टवेअरं इथं काही कामाची नाहीत, हे मला ठाऊक होतं. तरी केली. आण्णा ओट्यावर बसून होते. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"जाऊ दे. ज्याच्या ध्येनात आसंल त्यो दील."

सकाळी मी निघायच्या आधी त्यांनी आईला समोर बसवून आठवेल ती नावं काढली. आईला त्यांच्यापेक्षा जास्त आठवत होती. कोण कोणत्या वाराला आलं होतं आणि तेव्हा चुलीवर काय होतं, इथपर्यंत. तीन नावांवर दोघं अडले.

मार्चमध्ये शाळूची काढणी झाल्यावर गेलो होतो, तेव्हा त्या तिघांतला एक जण बैलगाडी घेऊन दारात आला. म्हणाला, "आण्णा, तुमच्या साठ पेंढ्या." आण्णांच्या अंदाजानं चाळीस होत्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मी फोनकडे बघितलं. फोन चार्जिंगला होता.

साठ उतरवून घेतल्या. आण्णा आत गेले, दिनदर्शिकेचं फेब्रुवारीचं पान फाडलं, आणि त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर पेन्सिलनं काहीतरी लिहून ते दिवळीत दुमडून ठेवलं.