पाचशे अठ्ठावीस फ्रेम्स

चित्रपट संकलनात इतकी वर्षं काढल्यावर हात डोक्याच्या आधी चालायला लागतो. शॉटमध्ये काही घडेनासं झालं की बोट आपसूक कट मारून मोकळं होतं. त्या दिवशी याच सवयीने मी एक मोठी चूक करून बसलो होतो आणि मला त्याचा पत्ताच नव्हता.

चित्रपट एका म्हाताऱ्या माणसाचा. तो अंथरुणाला खिळलेला, मुलगी उशाशी. दोघंही वाट बघताहेत, आणि कशाची ते दोघांनाही ठाऊक आहे. बोलणं फार थोडं. भिंतीवरचं ऊन सरकतं, चादरीवरची बोटं मधूनच काहीतरी चाचपतात. अशा संथ चित्रपटात कट कमी, म्हणून काम हलकं, असं पुष्कळांना वाटतं. मला तर वेगवान मारामारी जोडणं याहून सोपं वाटतं. इथे एकेक शॉट किती धरायचा हाच जीवघेणा प्रश्न असतो.

रफ कट, म्हणजे चित्रपटाची पहिली कच्ची जोडणी, बघायला दिग्दर्शकाने एका सिस्टरना बोलावलं होतं. बरं होण्यापलीकडे गेलेल्या रुग्णांची शुश्रूषा, म्हणजे पॅलिएटिव्ह केअर, हे त्यांचं काम. चित्रीकरणाच्या वेळी आमच्या वयस्कर नटाला शेवटच्या दिवसांतला श्वास कसा चालतो तेही त्यांनीच शिकवलं होतं.

पहिल्यांदा त्यांनी थांबवलं ते पाण्याच्या प्रसंगात. मुलगी वडिलांना चमच्याने पाणी पाजते.

"हे काढा. शुद्ध इतकी हरपल्यावर गिळता येत नाही. पाणी श्वासनलिकेत जाईल. ओठ आणि तोंड ओलं करायचं, बस. लोक बघून घरी हेच करतील हो."

मुलगी ओला बोळा ओठांवरून फिरवते, असा एक टेक होता. फोकस किंचित हलला म्हणून मी तो बाजूला टाकला होता. तो लावला.

मग तो शॉट आला. उघडं तोंड, छातीवर चादर. श्वास उथळ सुरू होतो, खोल होत जातो, पुन्हा उथळ होतो आणि थांबतो. बऱ्याच वेळाने परत तेच. जॉन चेन यांनी १८१८ साली आणि विल्यम स्टोक्स यांनी १८५४ साली याचं वर्णन केलं, म्हणून त्याला चेन-स्टोक्स श्वसन म्हणतात. मूळ टेकमध्ये मधला थांबा २२ सेकंदांचा होता. मी तो ७ वर आणला होता आणि त्या सातांवर खिडकीचा एक सुरेख शॉट चढवला होता.

"इथे खिडकी का दाखवलीत?" सिस्टरनी विचारलं.

"काहीच घडत नाही ना, म्हणून."

त्या रागावल्या नाहीत. "घडत नाही कसं? मुलगी बघतेय, चादर परत हलते का. त्या वेळी घरचं माणूस खिडकीकडे बघत नाही. मी अशी माणसं रोज बघते."

दिग्दर्शक गप्प होता. खिडकीसाठी त्याने कधीच हट्ट धरला नव्हता. ती करामत माझी होती. ज्या वाट बघण्यावर सगळा चित्रपट उभा, तीच मी कापून टाकली होती.

खिडकी काढली. सेकंदाला २४ प्रमाणे ५२८ फ्रेम्स जशाच्या तशा परत आल्या. पण मूळ टेकच्या आवाजात दिग्दर्शक कुजबुजत होता, "अजून... अजून..." तो आवाज काढला तर तिथे ठार शांतता झाली. अशी शांतता पडली की प्रेक्षकाला स्पीकर बंद पडल्यासारखं वाटतं. सुदैवाने ध्वनिमुद्रकाने त्या रिकाम्या खोलीचा नुसता आवाज, रूम टोन, मिनिटभर टिपून ठेवला होता. तो खाली अंथरला. अगदी बारीक घुं... पण खोली जिवंत झाली.

पुन्हा लावलं. थांबा सुरू झाला तशी माझी नजर सवयीने टाइमकोडवर, पडद्यावर धावणाऱ्या वेळेच्या आकड्यांवर, गेली, आणि तिथून सिस्टरांच्या हाताकडे. टेबलाच्या कडेवर त्यांची दोन बोटं टेकली होती, मनगटावर नाडी बघताना टेकतात तशी. चादर हलली तेव्हा ती उचलली गेली.

चित्रपट १५ सेकंदांनी लांबला. मी तो शॉट तसाच लॉक केला.