सीमाभागात गर्भातल्या जिवासाठी काम करताना

निपाणीपासून अथणीपर्यंतच्या पट्ट्यात गर्भपाताचा निर्णय स्वतःच्या मनाने घेतलेली स्त्री मला क्वचितच भेटली आहे. निर्णय सासूचा असतो, नवऱ्याचा असतो, कधी ऊसतोडीसाठी मुकादमाकडून घेतलेल्या उचलीचा असतो, तर कधी चार माणसांत तोंड कसे दाखवायचे या बापाच्या धास्तीचा असतो. कागदावर सही मात्र तिची असते, कारण 1971 च्या वैद्यकीय गर्भपात कायद्यानुसार सज्ञान स्त्रीची स्वतःची संमती पुरेशी ठरते आणि नवऱ्याची सही लागत नाही. ख्रिस्ती विश्वासातून गर्भातल्या जिवाच्या बाजूने उभे राहणाऱ्या आमच्यासारख्यांनी हे आधी समजून घेतले पाहिजे, नाहीतर ज्या स्त्रीला कुणी विचारलेच नाही तिलाच उपदेश करून आम्ही घरी परततो.

मी बेळगावच्या कॅम्प भागात वाढले. घरात प्रार्थना मराठीत, बाजारहाट कानडीत आणि आजीशी बोलणे कोंकणीत चालत असे. आमचा गट लहान आहे: काही सिस्टर (धर्मभगिनी), एक निवृत्त परिचारिका, दोघी-तिघी शिक्षिका आणि मेथडिस्ट मंडळीतल्या एक पाळकबाई. आमची भूमिका आम्ही लपवत नाही. आईच्या उदरात घडणाऱ्या जिवाला देव ओळखतो, ही 139 व्या स्तोत्रातली श्रद्धा आमच्या कामाचा पाया आहे आणि गर्भधारणेपासूनच तो जीव रक्षणीय आहे असे आम्ही मानतो. मात्र आम्ही दवाखान्यासमोर उभे राहत नाही, कुणाचा रस्ता अडवत नाही आणि वैद्यकीय माहिती कधीही वाढवून-चढवून सांगत नाही. परदेशातून आलेली रक्तबंबाळ चित्रे दाखवावीत की नाही यावर गटात एकदा कडाक्याचा वाद झाला होता. मी विरोधात होते आणि आजही आहे. जिचा गर्भ आपोआप पडला आहे अशी स्त्री बहुतेक प्रत्येक बैठकीत असते आणि त्या चित्राचा घाव आधी तिच्यावर बसतो.

चिकोडी तालुक्यातल्या एका घरातली गोष्ट सांगते. दोन मुलींवर तिसऱ्यांदा दिवस गेलेले, आणि पलीकडे कुठेतरी जाऊन 'बघून घ्यायचे' असे घरात ठरत आलेले. सून चुलीपाशी पाठमोरी भाकऱ्या थापत होती आणि बोलत होती ती सासू.

"बाई, तुमी शिकलेल्या मानसं. दोन पोरी हाईत. तिसरीबी पोरगीच झाली तर वावर कुणाच्या नावावर करायचं?"

वारसाहक्काचा कायदा तिला समजावून सांगावा असे माझ्या अगदी ओठांवर आले होते. माझ्यासोबतच्या वयस्क सिस्टरनी मात्र वेगळेच विचारले, "आक्का, तुमची बाळंतपणं किती झाली?" सासूने बोटांवर मोजले. त्यात एक पडलेले होते, आणि तो मुलगा होता की मुलगी हे तिला त्या वेळी कुणी सांगितलेच नव्हते. तिच्या सासूने ते परसात पुरले, एवढेच तिला ठाऊक होते. त्यावर ती बराच वेळ बोलत राहिली. त्या दिवशी तिचे मत बदलले असे म्हणता येणार नाही. पण सून नंतर तपासणीला गेली ती आमच्या परिचारिकेबरोबर सरकारी दवाखान्यात गेली. पुढे तिसरी मुलगीच झाली. सासू पंधरवडाभर बाळंतिणीकडे फिरकली नाही. मग शेकशेगडीला घरात दुसरे कुणी नाही म्हणून आली आणि तिथेच रमली.

'पलीकडे', म्हणजे महाराष्ट्र-कर्नाटक सीमेच्या दुसऱ्या बाजूला, या शब्दाला आमच्याकडे फार मोठा अर्थ आहे. लिंगनिदानाला बंदी घालणारा कायदा 1994 चा आहे आणि तो दोन्ही राज्यांत सारखाच लागू आहे, पण सीमेवर चौकशी करणारे खाते, पोलीस ठाणे आणि कागदाची भाषा या तिन्ही गोष्टी चार किलोमीटरवर बदलतात, आणि त्याचा फायदा घेणारे घेतात. 2017 च्या मार्चमध्ये मिरज तालुक्यातल्या म्हैसाळला एका स्त्रीच्या मृत्यूनंतर तपास झाला आणि ओढ्यालगत पुरलेले 19 गर्भ सापडले. आमच्या कागवाडपासून ते गाव हाकेच्या अंतरावर आहे. 2022 च्या जूनमध्ये बेळगाव जिल्ह्यातल्याच मुडलगीत नाल्यामध्ये बरण्यांत भरलेले सात गर्भ सापडले. 2001 च्या जनगणनेत शेजारच्या कोल्हापूर जिल्ह्यात सहा वर्षांखालील हजार मुलग्यांमागे केवळ 839 मुली होत्या, हा आकडा मी सभांतून सांगते, कारण लग्नाला मुली मिळत नाहीत ही तक्रार आता प्रत्येक गावात आहे आणि आकड्याची ओळख त्या तक्रारीमुळे पटकन पटते. या कायद्यातली एक तरतूद मला फार महत्त्वाची वाटते. विरुद्ध पुरावा नसेल तर गर्भवतीला नवऱ्याने किंवा नातेवाइकांनी भाग पाडले असेच न्यायालयाने गृहीत धरायचे आहे. जे चर्चच्या व्यासपीठावरून क्वचित बोलले जाते ते संसदेने कायद्यात लिहून ठेवले आहे.

माझ्या परिचयाच्या एक स्त्रीरोगतज्ज्ञ आहेत. त्या कायद्याच्या चौकटीत गर्भपात करतात आणि माझ्याशी मैत्रीही ठेवतात. त्यांचे म्हणणे असे की 2021 च्या दुरुस्तीने मुदत वाढली, म्हणजे वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरच्या आणि काही विशिष्ट स्त्रियांसाठी चोवीस आठवड्यांपर्यंत दोन डॉक्टरांच्या मताने गर्भपात करता येऊ लागला, ते योग्यच झाले. तुमच्यासारख्यांनी बंदी आणली तर बायका पुन्हा म्हैसाळच्या वाटेला लागतील. या युक्तिवादाला माझ्याकडे सोपे उत्तर नाही. गर्भाचे मोल मुदतीवर ठरत नाही हा माझा विश्वास त्यामुळे डळमळीत होत नाही, पण खेड्यात मी कायदा बदलण्याचे भाषण करीत नाही. तिथे विचारायचा प्रश्न असतो तो हाच, की हे मूल जन्मले तर पहिले वर्षभर त्याच्या आईला काय लागेल आणि ते कोण देईल.

ऊसतोडीच्या हंगामात हा प्रश्न सर्वांत उघडावाघडा होऊन समोर येतो. दिवाळीच्या सुमारास बीडकडच्या टोळ्या आमच्या भागातल्या कारखान्यांच्या फडांत उतरतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, आणि उचल जोडीवर दिलेली असते; बाई बसली की खाडा पडतो आणि खाड्याचे पैसे कापले जातात. अशाच एका कोपीत, म्हणजे मजुरांच्या झोपडीत, एक बाई आमच्याकडे गोळ्या मागत होती. तिला तिसरा महिना होता. औषधाच्या दुकानातून चिठ्ठीवाचून घेतलेल्या गोळ्यांनी आदल्या वर्षी शेजारच्या कोपीतली बाई रक्तस्रावाने मरता मरता वाचली होती, हे तिला ठाऊक होते, तरीही ती मागत होती. तिला मूल नको होते असे नव्हते. "मोळी डोक्यावर घिऊन गाडीवर चढाया लागतंय," एवढेच ती पुन्हा पुन्हा सांगत होती. उसाने भरलेल्या गाडीला फळी लावून, डोक्यावर मोळी घेऊन त्या फळीवरून वर जाणारी गरोदर बाई ज्याने पाहिली असेल, त्याला तिच्याशी धर्मशास्त्र बोलण्याचा धीर होणार नाही.

बोलणी मुकादमाशीच करावी लागली. तो सुरुवातीला ऐकून घ्यायला तयार नव्हता. पुढे आमच्या परिचारिकेने टोळीतल्या मुलांच्या तापाखोकल्याकडे लक्ष द्यायचे कबूल केल्यावर नरमला. बाईने फडात मोळ्या बांधायच्या, वाढे म्हणजे उसाचे शेंडे गोळा करायचे, पण गाडी भरायला चढायचे नाही, आणि त्यामुळे जे पैसे कापले जातील त्यातला काही भाग आम्ही सोसायचा, असे ठरले. तपासणीसाठी मिळालेले तायी कार्ड, म्हणजे कर्नाटकातले गरोदर बाईचे नोंदपत्र, कानडीत होते. तिला मराठीही जेमतेमच वाचता येत होती. मी त्याच्या मागच्या बाजूला तारखा मराठीत लिहून दिल्या आणि तिच्या गावच्या आशाताईंचा फोन नंबर मिळवून दिला. हंगाम संपल्यावर टोळी गेली. पावसाळ्यात तिच्या दिराचा फोन आला, पोरगा झाला आणि पोर-बाळंतीण बरी आहेत म्हणून. उरलेल्या पैशांचे काय, हेही त्याने त्याच दमात विचारले.

आमच्याच मंडळींबद्दलही लिहिले पाहिजे. रविवारी जीवनाच्या पावित्र्यावर प्रवचन ऐकणारी कुटुंबे, लग्न न झालेली मुलगी गरोदर आहे असे कळताच तिच्या आईशी बोलणे सोडतात. अशा घरातली मुलगी बेळगावात न राहता पुण्याला किंवा गोव्याला 'कोर्सला' जाते आणि पुढचे कुणी विचारत नाही. विश्वासी घरांत गर्भपात होत नाहीत हा समज ज्यांनी करून घेतला आहे त्यांनी एकदा शांतपणे सिस्टरांशी बोलावे. त्या नावे सांगणार नाहीत, पण हो म्हणतील. मुलगी अठराच्या आतली असेल तर बालकांवरील लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या पॉक्सो कायद्याखाली पोलिसांना कळवणे बंधनकारक असते, आणि कुटुंबे पळतात ती याच भीतीने.

दत्तकाबद्दलचे अज्ञानही असेच आहे. बाळ परस्पर कुणाला तरी 'देऊन टाकण्याची' रीत अजून गेलेली नाही, आणि ती बेकायदा आहे. 2015 च्या बाल न्याय कायद्यानुसार आईने बाळ बालकल्याण समितीपुढे रीतसर सोपवायचे असते आणि त्यानंतर विचार बदलण्यासाठी तिला दोन महिन्यांची मुदत मिळते. या दोन महिन्यांत तिच्यावर कुणीही दडपण आणू नये, आम्हीसुद्धा नाही, हा आमच्या गटाचा नियम आहे. मूल दत्तक घेऊ इच्छिणाऱ्या ख्रिस्ती दांपत्यांना हेही सांगावे लागते की 1956 चा हिंदू दत्तक कायदा आपल्याला लागू नसला तरी बाल न्याय कायद्याने दत्तक घेण्याचा पूर्ण हक्क आपल्यालाही आहे. पूर्वीच्या पिढीला 1890 च्या कायद्याखाली नुसते पालकत्व मिळत असे.

या सगळ्या कामावर धर्मांतराच्या संशयाची सावली असतेच. 2021 च्या डिसेंबरात कर्नाटकाचे धर्मांतरविरोधी विधेयक आमच्याच शहरातल्या सुवर्ण विधानसौधात विधानसभेने मंजूर केले, आणि त्यात आमिषाची व्याख्या इतकी ऐसपैस होती की बाळंतिणीला दिलेली दुपटी आणि डिंकाचे लाडू त्यात बसवता आले असते. आमच्या पिशवीत पूर्वीही पत्रके नसत. आता प्रार्थनासुद्धा बाईने स्वतःहून मागितली तरच, आणि घरच्यांच्या समोरच करतो. काही धर्मबंधूंना हे भित्रेपणाचे वाटते. मला ते सभ्यतेचे वाटते, कारण वेदनेत असलेली बाई कोणत्याही गोष्टीला हो म्हणते.

10 ऑगस्ट 2022 रोजी दिल्लीत भारतातला पहिला राष्ट्रीय 'मार्च फॉर लाइफ' निघाला. 1971 च्या कायद्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली ती तारीखही 10 ऑगस्टच. तेव्हापासून आमच्या युवकांचा आग्रह आहे की बेळगावातही मोर्चा काढावा. त्यांचा उत्साह मला आवडतो. पण या शहरात 1 नोव्हेंबरला एकीकडे कर्नाटकाचा राज्योत्सव आणि दुसरीकडे मराठी भाषकांचा काळा दिन पाहत मी मोठी झाले आहे. फलकावर कानडी वर की मराठी वर, यावरच आमचा मोर्चा चौकात अडेल अशी मला पक्की शंका आहे. मोर्चासाठी जमणारे पैसे खाड्यांच्या भरपाईला ठेवावेत अशी सूचना मी मांडली आहे. युवकांना ती पसंत नाही, पाळकबाईंना दोन्ही हवे आहे, आणि टोळ्या उतरण्याआधी, दसऱ्याच्या बैठकीत, यावर मतदान होईल.