आमची वाटचाल : भोसरीच्या गाळ्यातून हायड्रोजनकडे

आमचा धंदा नळीचा. स्टेनलेस स्टीलची नळी, तिच्या टोकाची फिटिंग्ज, व्हॉल्व्ह, गेज, आणि हे सगळं चौकटीवर उभं करून दिलेलं पॅनल. भोसरी एमआयडीसीत बाबांनी लेथवर जॉबवर्क सुरू केलं ते हायड्रॉलिक फिटिंग्जचं. पुढे पुण्यात सीएनजी पंप वाढत गेले आणि २००-२५० बार दाबाच्या गॅसचं काम आमच्याकडे आलं. गळती म्हणजे नापास, ही शिस्त पोरांच्या अंगात तिथे भिनली. तिच्याच जोरावर आम्ही हायड्रोजनला हात घातला.

हायड्रोजन म्हटलं की लोकांना बस आठवते. आमची पहिली ऑर्डर मात्र जवळच्याच एका हीट ट्रीटमेंटवाल्यांची होती. ब्राइट अ‍ॅनीलिंगच्या, म्हणजे धातू काळा न पडता तापवून मऊ करण्याच्या, भट्टीतून माल चकचकीत निघावा म्हणून त्यांना हायड्रोजन लागतोच, आणि तो ट्रकने सिलेंडरांतून येतो. ४७ लिटरच्या सिलेंडरमध्ये १५० बारने भरला तरी आत गॅस जेमतेम ५५० ग्रॅम, भोवतीचं पोलाद पन्नासेक किलो. डिझेल जाळून आपण पोलादच इकडून तिकडे नेतो! त्यांनी छपरावरच्या सोलरला जोडून छोटा इलेक्ट्रोलायझर, म्हणजे विजेने पाण्यातून हायड्रोजन काढणारं यंत्र, घ्यायचं ठरवलं. तिथून भट्टीपर्यंतची लाइन आम्ही टाकली.

या कामात जीव लावावा लागतो. हायड्रोजन हवेत ४ टक्क्यांपासून ७५ टक्क्यांपर्यंत पेट घेतो, त्याला वास नाही, आणि भर दिवसा त्याची ज्योत दिसत नाही. अणू एवढासा की कडक पोलादात शिरून ते ठिसूळ करतो. आमच्या भागातल्या प्लेटिंगवाल्यांना हे कधीपासून ठाऊक आहे. जास्त ताकदीच्या बोल्टवर झिंक चढवलं की ते लगेच ओव्हनमध्ये १९०-२२० अंशांवर काही तास ठेवतात, ते आत शिरलेला हायड्रोजन काढण्यासाठीच. म्हणून आम्ही नळी ३१६ एल या जातीच्या स्टेनलेस स्टीलची वापरतो. दोन फेरूलचं (नळीला आवळून धरणाऱ्या कड्यांचं) फिटिंग बसवताना नट आधी हाताने घट्ट करायचा, घड्याळात सहा असतात तिथे मार्करने खूण करायची, मग पान्याने सव्वा फेरा. खूण नऊवर आली की थांबायचं. त्यानंतर गॅप गेज, म्हणजे नट आणि फिटिंगमधली फट तपासायचं माप. ते फटीत शिरलं तर नट अजून आवळायला हवा. शेवटी हेलियम भरून डिटेक्टरने प्रत्येक जोड तपासायचा, कारण साबणाच्या फेसावर इथे भागत नाही. आयटीआयमधून आलेल्या आमच्या मुली हे काम इतकं चोख करतात की त्यांनी पास केलेला जोड मी पुन्हा बघत नाही.

आता खर्चाचं. एक किलो हायड्रोजनला ५० ते ५५ युनिट वीज लागते. युनिट ५ रुपयांनी धरलं तरी नुसत्या विजेचे अडीचशे-पावणेतीनशे रुपये झाले. म्हणून सगळा खेळ स्वस्त आणि स्वच्छ विजेचा आहे. केंद्राने जानेवारी २०२३ मध्ये १९,७४४ कोटींचं राष्ट्रीय हरित हायड्रोजन मिशन मंजूर केलं. त्याच वर्षी जुलैत राज्य मंत्रिमंडळाने ८,५६२ कोटींच्या धोरणाला मान्यता दिली, २०३० पर्यंत वर्षाला ५ लाख टनांचं उद्दिष्ट ठेवून. त्यात वीज वाहून आणण्याच्या आकारात सवलत आहे. आमच्यासारख्यांच्या गिऱ्हाइकाला खरा फरक तिथेच पडतो.

माझं ठाम मत असं, की आधी जिथे हायड्रोजन आजच लागतो तिथे तो बदलून हरित, म्हणजे स्वच्छ विजेवर काढलेला, वापरावा. राज्यात धोरण आलं तेव्हाच वर्षाला ५.२ लाख टनांची मागणी होती. खत कारखाने, रिफायनऱ्या, रसायन उद्योग. थळचा खत कारखाना आणि माहूलच्या रिफायनऱ्या काही लांब नाहीत. नैसर्गिक वायूपासून एक किलो हायड्रोजन काढताना ९-१० किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. केंद्राच्या मानकाप्रमाणे हरित म्हणवायला तो २ किलोच्या आत हवा. एवढी मोठी तफावत एका नळीमागे भरून निघत असेल, तर ती नळी आपण का टाकू नये?

मोठे प्रकल्प जाहीर झाले की आनंद होतोच. पण इलेक्ट्रोलायझरभोवतीची नळी, व्हॉल्व्ह, सेन्सर, ड्रायर, शेडचं छप्पर (हायड्रोजन वर चढतो, त्याला छपरातून वाट लागते) हे सगळं लहान कारखान्यांतून यायचं आहे, आणि ते जवळ मिळालं तरच काम वेगाने होईल. आयात केलेल्या फिटिंगसाठी महिनोन् महिने थांबलेलं काम आम्ही पाहिलंय. पुणे परिसरात उच्च दाबाच्या हायड्रोजनखाली माल तपासून देणारं एक सामायिक केंद्र लहान कारखान्यांना परवडेल अशा दरात हवं. हेलियम चाचणी आम्ही आमच्याकडे करू शकतो, पण प्रत्यक्ष हायड्रोजनमध्ये हजारो वेळा दाब चढवून-उतरवून बघणं एका गाळ्याच्या आवाक्यातलं नाही. आम्ही पाच-सहा कारखानदार मिळून त्यासाठी प्रस्ताव लिहितोय. फिटिंग, सेन्सर किंवा व्हॉल्व्ह बनवणारे आणखी कुणी असतील तर जरूर या, तुमच्या चाचणीच्या गरजाही त्यात घालू.