थिजलेलं खोबरेल

ठाण्यात थंडी पडली की नाही, हे वेधशाळेला विचारावं लागत नाही. खोबरेलाची बाटली सांगते. पारा साधारण २४ अंशांखाली उतरला की सकाळी बाटली उलटी धरून कितीही ठोका, थेंब येत नाही. मग ती गॅलरीच्या कठड्यावर उन्हात जाते. डिसेंबरातल्या दुपारी दोनला घोडबंदर रोडवरच्या कुठल्याही सोसायटीकडे मान वर करून पाहा. एखाद्या गॅलरीत बाटली, शेजारी वाळत घातलेली गोधडी आणि खाली उन्हाचा तुकडा बघून आडवं झालेलं कुत्रं दिसेलच. तेल वितळतं, कुत्रं घोरतं, आणि घरातल्या कुणाच्या तरी मनात तो विचार येतो. तेल आहे, कुत्रं आहे, कुत्र्याच्या पाठीवर पांढरा कोंडाही आहे. जरा चोळलं तर?

चोळू नये.

पण हात शिवशिवतो, त्यात त्या हाताचा दोष नाही. थंडी आणि तेल यांची गाठ आपल्याकडे नरक चतुर्दशीच्या पहाटेच बांधली जाते. पाटावर कुडकुडत बसलेलं पोर, वाटीत कोमट केलेलं तेल, कानामागे अडकलेले उटण्याचे खरखरीत कण, आणि वरून 'हलू नकोस, डोळ्यांत जाईल' हा दम. एवढं ज्याच्या कातडीत मुरलंय त्याला कोरडी पाठ दिसली की वाटी आठवणारच. फरक इतकाच की माणसाच्या उघड्या अंगावर तेल कातडीला लागतं, कुत्र्याच्या अंगावर ते केसांवरच राहतं. तेलकट केसांना रस्त्यावरची सगळी धूळ चिकटते, धुळीने केसांचे झुबके होतात, आणि उरलेलं तेल कुत्रं चाटून पोटात घालतं. दुसऱ्या दिवशी जुलाब. त्यात कोंड्यावर रामबाण म्हणून तेलात कापूर घातलेला असेल, तर प्रकरण जुलाबावर भागत नाही. कापूर, निलगिरीचं तेल, टी ट्री ऑइल, तिन्ही कुत्र्याला विषारी.

मुळात ही कातडी आपल्यापेक्षा नाजूक. वरच्या थरात पेशींच्या जेमतेम ३ ते ५ रांगा, माणसाच्या १० ते १५. आपल्या कातडीचा पीएच, म्हणजे आम्लतेचं माप, साडेपाचच्या आसपास, कुत्र्याचा सातच्या जवळ. म्हणून माणसांचा शाम्पू, अगदी बाळांचासुद्धा, त्याच्यासाठी नाही. बादलीत झाकणभर अँटिसेप्टिक ओतायची सवय तर आजच सोडावी. त्याने कातडी भाजल्यासारखी होते, आणि ती लाली बघून पुढच्या खेपेला दोन झाकणं पडतात.

थंडीत कोंडा होतो तो बहुतेकदा आपणच केलेला असतो. सकाळी जमिनीवरून येणारा वारा कोरडा असतो, तेवढं निमित्त. त्यावर दर रविवारी, तेही कढत पाण्याची आंघोळ. कातडी स्वतःचं तेल तयार करते आणि आपण ते दर आठवड्याला धुऊन टाकतो. थंडीत महिन्यातून एकदा पुरे, फार तर तीन आठवड्यांनी. ती सकाळी सातला नव्हे, अकरा-साडेअकराला, म्हणजे नंतर ऊन मिळतं. आधी केस विंचरायचे, कारण गुंता ओला झाला की त्याचा नमदा, म्हणजे न सुटणारा घट्ट थर, होतो. पाणी कोपर बुडवून गरम लागणार नाही इतपत कोमट. शाम्पू थेट पाठीवर ओतायचा नाही. मगात पाच-सहा पट पाण्यात कालवून घ्यायचा. आणि धुवायला जितका वेळ लागला त्याच्या दुप्पट खळबळायला. काखेत, जांघेत, शेपटीच्या मुळाशी फेस राहतो आणि तिथेच नंतर खाज सुटते. ओट्स मिक्सरमधून मैद्यासारखे बारीक काढून, कोमट पाण्यात कालवून शेवटी दहा मिनिटं अंगावर ठेवले तर खाज शमते. चमचाभर पूड पेलाभर पाण्यात टाकल्यावर पाणी दुधाळ व्हायला हवं; तळाशी बसली तर पुन्हा वाटा.

टॉवेलने घासायचं नाही, दाबायचं. लॅब्रेडॉर, जर्मन शेफर्ड, पामेरियन यांचे केस दुहेरी: वर राठ केस, आत दाट लव. वरून कोरडं वाटतं, आत बोट घातलं की गार ओलावा लागतो. तो रात्रभर राहिला की कुत्रं तिथेच चाटत बसतं, आणि सकाळी तळहाताएवढा लाल, चिकट चट्टा दिसतो. ड्रायर वापरावा, पण कमी उष्णतेवर, वीतभर लांबून, आणि झोताखाली आपला दुसरा हात ठेवून. हाताला चटका म्हणजे त्यालाही चटका.

खरं काम आंघोळीचं नाही, फणीचं. तेल चोळण्याची हौस फिटत नसेल तर तीच दहा मिनिटं विंचरण्यात घालवावीत. त्याच्या कातडीचं तेल मुळाशी असतं, ब्रश ते टोकापर्यंत नेतो. आखूड केसांच्या देशी कुत्र्याला रबरी ब्रश आठवड्यातून दोनदा पुरतो. दुहेरी केसांना आधी लव काढणारा लांब दातांचा रेक, मग बारीक वाकड्या तारांचा स्लिकर ब्रश. लांब केसांच्या शित्झूला स्टीलची फणी, रोज. कोरड्या हवेत केस चटचट करून उभे राहत असतील तर ब्रशवर पाण्याचा हलका फवारा मारावा. गुंता बसायच्या जागा ठरलेल्या: कानामागे, काखेत, मांडीच्या मागे, पट्ट्याखाली. गाठ दिसली की मुळाशी केस चिमटीत घट्ट धरायचे, म्हणजे कातडी ओढली जात नाही, वर चिमूटभर कॉर्नफ्लोर टाकायचं आणि टोकाकडून मुळाकडे थोडं थोडं सोडवत जायचं. कात्री नको. गाठीत कातडी वर ओढली गेलेली असते आणि कात्रीला ते दिसत नाही.

स्वेटरबद्दल न बोललेलंच बरं, पण बोलतो. उपवन तलावावर सकाळी हस्कीच्या अंगात लोकरी स्वेटर पाहिला की पोटात कालवतं. बर्फासाठी घडलेलं जनावर, त्याला ठाण्याची थंडी ती काय! स्वेटर शोभतो आखूड केसांच्या म्हाताऱ्याला आणि पिल्लाला. तोही रात्रीपुरता, काखेत दोन बोटं जातील इतका सैल, रोज काढून खालचे केस विंचरण्याच्या बोलीवर. बाकीच्यांना गार फरशीवर चौपदरी गोधडी जास्त कामाची. जड कुत्र्यांच्या कोपरांना राखाडी घट्टे पडतात ते थंडीने नव्हे, फरशीने.

तेल द्यायचंच असेल तर पोटातून द्यावं. बांगडा, तारली यांच्यात कातडीला हवं ते ओमेगा-३ नावाचं स्निग्धाम्ल भरपूर. बिनमिठाची उकडलेली, काटे काढलेली मध्यम तारली दहा किलोच्या कुत्र्याला आठवड्यातून दोनदा पुरे. सुकट नको, फार खारट. नौपाड्यातल्या शाकाहारी घरात तारली शिजणं कठीण, तिथे डॉक्टरांना विचारून माशाच्या तेलाची कॅप्सूल. जवसाची चटणी मात्र आपणच खावी. जवसातलं ओमेगा-३ कुत्र्याला फारसं वापरता येत नाही, शिवाय चटणीत लसूण असतो, तो त्याला चालत नाही. गुण यायला सहा ते आठ आठवडे लागतात, म्हणजे नाताळात सुरू केलेल्या तारलीचं तेज शिमग्याच्या आसपास दिसणार. तोवर उकाडा सुरू.

एवढं करूनही कोंडा हटला नाही तर काळ्या कागदावर थोडा झटकावा आणि दोन मिनिटं नुसतं बघत बसावं. कणांमधले काही चालू लागले तर तो कोंडा नव्हे, माइट, म्हणजे कातडीवरचे बारीक किडे. काळे कण पडत असतील तर ते ओल्या पांढऱ्या टिश्यूवर ठेवावेत. भोवती तांबूस डाग पसरला तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेलं रक्त. गोचिडांना तर ठाण्यात थंडीची रजा नसतेच. त्यावरचं औषध मानेवर सोडलं असेल तर आधी आणि नंतर दोन-दोन दिवस आंघोळ नाही.

फणीने सुटणाऱ्या गाठींबद्दल इतकं लिहिलं. विंचरताना बोटांना कधी दुसरीही गाठ लागते, केसांत नव्हे, कातडीखाली. मऊ असते, सरकते, दुखत नाही. वयस्क कुत्र्यात ती पुष्कळदा नुसती चरबीची असते. पण बोटांना चरबी आणि कर्करोग यांतला फरक कळत नाही. सुईने चार पेशी काढून काचेवर पाहिल्याशिवाय डॉक्टरही छातीठोकपणे सांगत नाहीत. ती लागली त्या दिवशीच पट्टीने मोजावी, आणि भिंतीवरच्या कॅलेंडरात, दुधाच्या हिशोबाशेजारी, जागा आणि माप लिहून ठेवावं: डावी बरगडी, १२ मिलिमीटर. मग फोन करावा. बाटली तोवर उन्हात असू दे.