डावीकडे बसून ब्रेक मारणारी मी

जुलै २०२३, एक्सप्रेसवे, बोरघाट उतरताना, पूर्वी अमृतांजन पूल होता तिथून जरा पुढे. पाऊस, धुकं, नवरा गाडी चालवतोय, मी शेजारी बसून डब्यातून चकली काढतेय आणि मागून ट्रेलर आला. अपघाताचं एवढंच सांगते कारण मला एवढंच आठवतं, आणि हे आठवतं की नंतर कितीतरी वेळ तो डबा माझ्या हातातच होता. नवऱ्याला नुसतं खरचटलं, माझं डावं कॉलरबोन मोडलं, तेही दोनेक महिन्यांत जुळलं. सगळे म्हणाले थोडक्यात निभावलं, आणि खरंच निभावलं होतं.

पण उजवा पाय. गाडीत बसलं की माझा उजवा पाय आपोआप खाली दाबला जायचा, जिथे ब्रेकच नाही तिथे. रिक्षातही. हळूहळू घरी सोफ्यावर टीव्ही बघतानाही पोटरी दगडासारखी, दात आवळलेले, रात्री तीनला जाग. नवरा आधी हसायचा, मग हसायचा बंद झाला.

सायकिअ‍ॅट्रिस्टनी गोळ्या दिल्या, झोप लागायला लागली, त्याबद्दल मी त्यांची आयुष्यभर ऋणी आहे. काउन्सेलिंगही केलं. पण अपघात इतक्या वेळा सांगितला की तो आकाशवाणीच्या बातम्यांसारखा पाठ झाला, मी न रडता न अडखळता सांगायचे आणि पाय खाली दाबतच असायचा. शेवटी काउन्सेलर मॅडमच म्हणाल्या की तुमच्या डोक्याला कळलंय अपघात संपला, पायाला अजून कोणी सांगितलेलं नाही, आणि त्यांनी मला शरीरावर काम करणाऱ्या एका ताईंकडे पाठवलं.

त्या ताईंची पद्धत सोमॅटिक एक्सपिरिअन्सिंग, अमेरिकेतल्या पीटर लेव्हिन यांची. त्यांचं म्हणणं असं की जिवावर बेततं तेव्हा शरीर पळायला नाहीतर लढायला ताकद गोळा करतं, ती वापरायची संधीच मिळाली नाही तर ती आत अडकून बसते. मला आधी हे जरा बाबाबुवांचं वाटलं, खरं सांगते. तर ताईंनी काय केलं, भिंतीला एक जाड उशी लावली आणि म्हणाल्या, मारा ब्रेक, पण इतका हळू की एक इंच दाबायला पाच मिनिटं लागली पाहिजेत. करून बघा, भयंकर अवघड आहे. तिसऱ्या वेळी मांडी थडथड उडायला लागली, थांबेचना, आणि मग जांभया, एकामागून एक, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मला इतकी लाज वाटली! ताई म्हणाल्या, येऊ देत.

घोड्यांच्या सोबतीने करायच्या थेरपीचंही ताईंनीच सुचवलं. सासूबाई म्हणाल्या, अपघाताला वर्ष होत आलं, आता हे वरातीमागून घोडं कशाला. (सासूबाईंची टायमिंग कायम बरोबर असते.) आधी मी एका ठिकाणी जाऊन फसले, नाव नाही सांगत, तिथे पहिल्याच दिवशी घोड्यावर बसवून चक्कर मारली, फोटो काढले, झाली थेरपी. दुसरी जागा मुळशीच्या बाजूला, तिथे सायकॉलॉजिस्ट स्वतः रिंगणात उभ्या असायच्या आणि बसायचं नावच नाही, सगळं जमिनीवरून. घोड्यावर बसवून करतात ते वेगळं, मुख्यतः फिजिओसाठी. त्यांनीच डेन्मार्कच्या लिस हार्टेलचं सांगितलं, पोलिओमुळे गुडघ्याखाली पाय लुळे, चढायला-उतरायला दुसऱ्याची मदत, तरी १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये ड्रेसाजचं, म्हणजे घोड्याला तालात शिस्तीत चालवायच्या खेळाचं, रौप्यपदक.

माझा घोडा रेसमधून रिटायर झालेला. कागदावर काहीतरी भारदस्त इंग्रजी नाव, मोतद्दार काका त्याला बंड्या म्हणायचे. पहिले दोन सेशन नुसता खरारा केला. घामाचा, चंदीचा वास, हाताखाली ते गरम अंग. स्वस्थ उभ्या घोड्याच्या हृदयाचे ठोके मिनिटाला साधारण २८ ते ४४ पडतात, माझे तेव्हा शंभरला टेकलेले.

तिसऱ्या सेशनला त्याला दोरीने घेऊन रिंगण फिरायचं होतं. चार पावलं गेलो की बंड्या थांबायचा. परत चार पावलं, परत थांबला. मी चुचकारलं, ओढलं, मनात म्हणलं रेसचा घोडा आणि एवढा आळशी? कुंपणावर बसलेले काका म्हणाले, "ताई, तो नाय थांबत. तुमी थांबवताय त्याला. पाय बघा की तुमचा."

खाली बघितलं तर उजवी टाच मातीत रुतलेली. मी चालता चालता ब्रेक मारत होते आणि तो बिचारा प्रत्येक वेळी इमानदारीत थांबत होता. घोडा ही शिकार होणारी जात, डोळे बाजूला, जवळजवळ ३५० अंश दिसतं त्याला, माणसाचा श्वास अडकला, खांदा ताठला की त्याला लगेच कळतं. घरच्यांना मी वर्षभर "ठीक आहे" म्हणून गुंडाळलं होतं, याला मराठी कळत नव्हतं ते बरं झालं. मी तिथेच खाली बसून हसले आणि मग रडले.

एकदा वाऱ्याने पत्रा वाजला, बंड्या हातभर उडाला, मी थिजले. मिनिटभरात तो फुरफुरला, ओठ चाटले आणि गवत खायला लागला. मला चक्क हेवा वाटला. पण काकांनी सांगितलं की लोखंडी फाटकातून तो अजूनही आत जात नाही, रेस सुटते त्या स्टार्टिंग गेटमध्ये कधीतरी काही झालं असणार, त्याच्यासाठी लाकडाचं केलंय. म्हणजे प्राणी सगळं झटकून टाकतात हेही पूर्ण खरं नाही. ते ऐकल्यावर मला तो जास्त आवडायला लागला.

एका सेशनचे अडीच हजार, मी चौदा केली, खिसा दुखतो. आणि ट्रॉमासाठी, म्हणजे अशा मानसिक आघातासाठी, जास्त पुरावा ट्रॉमावरच्या सीबीटीला (विचार आणि वागण्याच्या सवयी बदलायची थेरपी) आणि ईएमडीआरला (डोळे इकडून तिकडे हलवत आठवणीवर काम करायची थेरपी) आहे, घोड्यांवरचे अभ्यास बरेचसे छोटे आहेत, त्यामुळे घोडा भेटला म्हणून गोळ्या बंद करू नका, माझ्याही डॉक्टरांनीच सावकाश कमी केल्या.

डिसेंबरात मावसबहिणीच्या लग्नाला ठाण्याला निघालो, तोच घाट. सासूबाईंनी परत चकल्यांचा डबा दिला होता, मी मागच्या सीटवर ठेवला. खोपोली मागे पडल्यावर नवरा म्हणाला, "आज एकदाच मारलास ब्रेक."

"दोनदा," मी म्हणलं, "पण दुसऱ्यांदा तू खरंच जोरात होतास." आणि मागे हात घालून डबा काढला.