बारशाचा घोळ

शनिवार, रात्र

पोरीला अजून नाव नाही. ग्रेट डेन जातीच्या कुत्र्याची मादी, वय दोन महिने, अंग फिकट पिवळसर-तपकिरी, तोंड काळं. आत्ता माझ्या मांडीवर मावते, म्हणून घरातले सगळे चिमणी, पिल्लू, छकुली असलं काहीबाही सुचवताहेत. वर्ष-दीड वर्षात ही ५० किलोंच्या आसपास जाईल, खांद्यापाशी ७२ सेंमीच्या वर भरेल. तेव्हा लिफ्टचं दार उघडल्यावर काय हाक मारायची, हा खरा प्रश्न.

बाबांचं टुमणं 'वाघी'. रायगडावरच्या वाघ्याचं त्यांना फार. पण एवढं मोठं जनावर जिन्यातून उतरताना मी "वाघीऽ" म्हणून ओरडले, तर दुसऱ्या मजल्यावरच्या काकू पुन्हा दार उघडायच्या नाहीत. मोठ्या कुत्र्याचं नाव निम्मं तरी शेजाऱ्यांसाठी ठेवायचं असतं, असं माझं ठाम मत झालंय. छोट्या पॉमेरेनियनला खुशाल टायगर म्हणा.

दादा म्हणाला, झूस ठेव. अमेरिकेत मिशिगनमध्ये त्या नावाचा ग्रेट डेन होता, ४४ इंच उंच, गिनेस बुकात नोंदला गेलेला. पण तो नर. आणि आमच्या कॉलनीत दोन दिवसांत त्याचं 'ज्यूस' झालं असतं.

मला 'ठमी' फार आवडलं होतं. संध्याकाळी चार-पाचदा तशी हाक मारून पाहिली. मग लक्षात आलं, उद्या रस्त्यावर "थांब!" म्हणायचंय, आणि हिला दोन्ही सारखंच ऐकू येणार. एवढ्या वजनाचं कुत्रं 'थांब'ला धावत अंगावर आलं तर हाडं माझी मोडतील. ठमी बाद.

'सखू'वर आजी भडकली. "संतांची नावं कुत्र्याला?" मग तिनेच चष्म्यातून पोरीकडे नीट पाहिलं आणि म्हणाली, "ही तर गुळाची ढेप." कोल्हापूरची बाई, गुळाशिवाय दुसरं काय सुचणार! पण रंग तोच, आणि गोड असूनही उचलायला जड. शिवाय ही जात घरात तासन् तास ढेपाळून पडते म्हणे, तेही बसलं. "ढेपेऽ" म्हटलं की लांबवर हाकही छान जाते. बाबा अजून धुसफुसताहेत.

सोमवारी लसीकरणाच्या कार्डावर ढेप लिहायचं. डॉक्टर हसले तर आजीचा फोन लावून देईन.