पालखी मुक्कामाला आहे

आज दिवसभर घरात नुसती वर्दळ. तुकोबांची पालखी नाना पेठेत निवडुंग्या विठोबाला आणि माऊलींची भवानी पेठेत पालखी विठोबाला, त्यामुळे आमच्या सगळ्या भागात शाळा म्हणू नका, वाडे म्हणू नका, जिथे जागा तिथे दिंडी उतरलीये. आमच्या वाड्यात दरवर्षीप्रमाणे परभणीकडची दिंडी आहे. पिठलं भाकरी ठेचा सकाळीच झालं, ते काही विशेष नाही, पेठेत घरोघरी हेच चालू असतं.

लिहायचंय ते आईंबद्दल, म्हणजे माझ्या सासूबाई. दुपारी त्यांनी गरम पाण्याची बादली आणि कोमट केलेलं खोबरेल घेतलं, ओसरीवर बसल्या आणि समोर आलेल्या पहिल्या माऊलींचे पाय धुवायला घेतले. त्या बाई "नको नको आजी" करत पाय मागे घेत होत्या, टाचांना एवढाल्या भेगा, आईंनी ऐकलंच नाही, पुसून तेल चोळलं आणि मग त्याच पायांवर डोकं ठेवलं. घरात कुणालाच हाक मारली नाही की तुम्ही पण या. माझा मुलगा आठवीत आहे, देवाला नमस्कार कर म्हटलं तरी दहा वेळा सांगावं लागतं, तो थोडा वेळ दारात उभा राहिला, मग आपणहून बादलीतलं पाणी बदलून आणलं, आणि तासाभराने बघते तर हाच एका आजोबांच्या पोटऱ्या दाबतोय आणि त्यांना शेतीचं विचारतोय. तोवर समोरच्या वाड्यातली दोन पोरंही येऊन बसलेली.

मला मनापासून वाटतं की भक्ती अशीच पुढे जाते. आपण मुलांना संस्कारवर्ग लावतो, सुविचार फॉरवर्ड करतो, पण मुलं बघतात ते आपले हात काय करतायत ते. ही वारी तरी काय, १६८५ मध्ये तुकोबांच्या धाकट्या मुलाने, नारायण महाराजांनी पादुका पालखीत ठेवल्या आणि ते पंढरीची वाट चालायला लागले, लोक मागून येत गेले ते आजपर्यंत येतायत. आणि गाडगेबाबा! गावात शिरले की आधी खराटा हातात, दिवसभर गाव झाडायचं आणि रात्री कीर्तन, मग त्यांचं कीर्तन लोक का नाही ऐकणार, सकाळी ज्याला गटार उपसताना बघितलं तोच माणूस उभा राहून स्वच्छतेवर बोलतोय.

पेठेत आज असे कितीतरी जण दिसले. चौकात वारकऱ्यांच्या चपला फुकट शिवून देणारे, कट्ट्यावर खुर्ची टाकून दाढी कटिंग करून देणारे. यातल्या कुणाचा बॅनर नव्हता. बॅनर लावणाऱ्यांची गर्दी वेगळी होती, बिस्किटाचा पुडा देतानाही फोटो, ते बघून खरंच वाईट वाटलं, कारण त्यांच्याबरोबर आलेली पोरंसुद्धा नेमकं तेच शिकणार.

रात्री दिंडीत हरिपाठ झाला. वीणा खाली ठेवत नाहीत, एकाने दुसऱ्याच्या गळ्यात दिली आणि दोघं एकमेकांच्या पाया पडले, वयाचा काही संबंध नाही, देणारा सत्तरीचा आणि घेणारा तरणा मुलगा. आई ते हात जोडून बघत होत्या.

उद्या पहाटे दिंड्या हडपसरकडे निघतील. मागे पत्रावळ्या, द्रोण, पाण्याच्या बाटल्या राहतातच. आई जेवताना एवढंच म्हणाल्या की मी साडेपाचला शाळेच्या पटांगणात असेन. आत्ता वरच्या काकूंचा मेसेज आलाय, मोठे खराटे आहेत का म्हणून. आपल्याकडे दोनच आहेत, बाकीचे मंडळाच्या पोरांकडून मागून आणायला लेकाला पाठवलंय.